ग्रिपचे वजन आणि बोरघाटाचा चढ

खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून जुन्या रस्त्याने बोरघाट चढून खंडाळ्यास पोहोचलेले सायकलस्वार, श्वास ताळ्यावर येऊन चहाचा पेला हातात पडला म्हणजे, हमखास सायकलीच्या वजनाकडे वळतात. आणि अलीकडे त्या चर्चेत एक विधान इतक्या निःशंकपणे केले जाते, की ते ऐकून गप्प बसणे मला उत्तरोत्तर कठीण होऊ लागले आहे. ते असे, की माउंटन बाइकच्या हँडलवरील मूळच्या रबरी ग्रिप काढून त्या जागी सिलिकॉनच्या वा फोमच्या हलक्या ग्रिप बसवल्या, म्हणजे चढ जाणवण्याइतका सोपा होतो. नवख्याने असे म्हटले तर त्यास समजावता येईल. परंतु पवन मावळापासून आंदर मावळापर्यंतचे रस्ते वर्षानुवर्षे तुडवलेली माणसे हेच सांगतात, नवी सायकल घेतलेली मुले त्यांच्या शब्दावर विसंबून पैसे खर्चतात, आणि ज्या कारणांसाठी ग्रिप खरोखर पारखून घ्यावयाची, ती कारणे बाजूलाच राहतात. सबब या एका समजुतीची रुजुवात तपशिलाने घेणे प्राप्त आहे.

प्रथम वजनांचा जमाखर्च मांडू. स्क्रूच्या कड्यांनी हँडलवर आवळल्या जाणाऱ्या, ज्यांना लॉक-ऑन म्हणतात त्या ग्रिपची जोडी साधारणतः १०० ते १३० ग्रॅम भरते. तळव्यास टेकू देणाऱ्या पसरट ग्रिप त्याहून जड असतात. आणि सिलिकॉनच्या ग्रिपांत पुष्कळांच्या परिचयाचा जो ईएसआय कंपनीचा ‘चंकी’ हा नमुना, त्याच्या जोडीचे वजन कंपनी सुमारे ६० ग्रॅम सांगते. म्हणजे प्रत्यक्ष बचत ४० ते ७० ग्रॅमांची झाली. तरीही समोरच्या पक्षावर अन्याय होऊ नये म्हणून आपण ती सरळ १०० ग्रॅम धरू. आता स्वार ७० किलो, सायकल १३ किलो, आणि पाणी, पंप, हत्यारे मिळून २ किलो, असे एकूण ८५ किलो वजन घाटाने वर न्यावयाचे आहे. चढावर वेग मंद असल्याने हवेचा विरोध गौण ठरतो आणि लागणारा वेळ जवळजवळ एकूण वजनाच्या प्रमाणात राहतो. १०० ग्रॅम हा ८५ किलोंचा साडेआठशेवा हिस्सा. तेव्हा ज्यास घाट चढण्यास एक तास लागतो, त्याचे या बदलाने फार तर ४ सेकंद वाचतील. ट्रकला वाट देण्यासाठी एकदा कडेला घेण्यात याहून अधिक वेळ जातो.

हाच हिशेब श्रमांच्या बाजूनेही करून पाहता येतो. खोपोली घाटाच्या पायथ्याशी, लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरांवर. दोहोंतील उंचीचे अंतर साधारण ५५० मीटर. १०० ग्रॅम वजन तितके वर नेण्यास सुमारे ५४० ज्यूल कार्य घडते, आणि अन्नातील ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा स्नायू पेडलपर्यंत पोहोचवतात हे ध्यानात घेतले, तरी शरीरास द्यावी लागणारी किंमत अर्ध्या किलोकॅलरीच्या घरात येते. शेंगदाण्याच्या एक ग्रॅम चिक्कीत सुमारे ५ किलोकॅलरी असतात. म्हणजे ग्रिप बदलून संपूर्ण बोरघाटात जे वाचले, ते चिक्कीच्या एक दशांश ग्रॅमाएवढे. खोपोलीस बाटली काठोकाठ न भरता १०० मिलिलिटर पाणी कमी घेतले असते, तर हाच लाभ विनामूल्य पदरात पडला असता. अर्थात कोणी तसे करू नये, कारण घाटात पाण्याची गरज या क्षुद्र बचतीहून कितीतरी मोठी आहे.

यावर उत्तर येते ते ठरलेले: ‘हिशेब काहीही सांगो, मला फरक जाणवला.’ जाणवला असेल, आणि तो मी नाकारीत नाही. नाकारतो ते त्यामागचे सांगितलेले कारण. ग्रिप बदलावयास सायकल मिस्त्रीकडे नेली म्हणजे तो बहुधा त्याच खेपेस साखळीस तेल घालतो, चाकांत हवा भरतो, ब्रेकच्या दांड्यांचा कोन बघतो; शिवाय जुनी, झिजून गुळगुळीत झालेली मूठ घट्ट आवळून धरावी लागत होती, ती नवी सैल हाताने धरता येते, आणि मनगटापासून खांद्यापर्यंतचा ताण उतरतो. हा लाभ खरा आहे, परंतु तो १३० ग्रॅमांची नवी ग्रिप बसवली असती तरीही मिळालाच असता. जे म्हणतात की फिरत्या भागांचे वजन दुप्पट मोजावे, त्यांनी एवढेच पाहावे की तो नियम वेग वाढवताना चाकाच्या धावेस आणि टायरला लागू पडतो. ग्रिप चाकाबरोबर फिरत नाही.

मग हलक्या ग्रिप घेऊच नयेत काय? घ्याव्यात, मात्र त्यांचा गुण वजनात नाही, तर द्रव्यात आहे. दाट सिलिकॉन हँडलमधून येणारी बारीक थरथर बऱ्यापैकी शोषून घेते, उन्हात सहसा चिकट होत नाही, आणि तुंगार्लीवरून राजमाचीकडे उधेवाडीस जाणाऱ्या खडकाळ वाटेवर, जेथे तासन्‌तास मुरूम आणि दगडगोटे यांवरून चाक उडत असते, तेथे हा गुण हातांस कळतो. थरथरीचा मोठा हिस्सा टायरमधील हवेच्या दाबाने आणि पुढच्या सस्पेन्शनने निस्तरावयाचा असतो, हे मात्र विसरता कामा नये. दगडासारखे टणक फुगवलेले टायर ठेवून ग्रिपकडून मऊपणाची अपेक्षा करणे नाहक होय.

येथेच दुसरा गैरसमज उभा राहतो: ग्रिप जितकी मऊ आणि जाड, तितके हात बधिर होणे कमी. यात हाताच्या प्रकृतीचा प्रश्न गुंतलेला असल्याने थोडे थांबले पाहिजे. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू यांस संवेदना पुरवणारी अल्नर नस तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूस, एका अरुंद मार्गातून जाते; फ्रेंच शल्यविशारद गुयाँ यांनी १८६१ मध्ये त्याचे वर्णन केल्यामुळे तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मनगट मागे वाकवून त्याच जागेवर देहाचा भार टाकला, म्हणजे नस दाबली जाते. ‘अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ या नियतकालिकात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६०० किलोमीटरच्या प्रवासापूर्वी व नंतर २५ स्वारांचे हात तपासले, तेव्हा २३ जणांत संवेदनेची, स्नायूंच्या शक्तीची वा दोहोंची तक्रार आढळली. आणि त्यांत रस्त्यावरच्या सायकलींचे स्वार होते तसे माउंटन बाइकचेही होते. मऊ गादी दाब थोडा पसरवते खरी, परंतु मुळात भार हातांवर का आला हे पाहिल्यावाचून तिचा उपयोग मर्यादित राहतो. सीटचे नाक खाली झुकले असेल, तर देह पुढे घसरून सगळा भार तळव्यांवर येतो. हँडल फार दूर असेल तरी तेच होते. ब्रेकच्या दांड्या फार वर वळवल्या असतील, तर बोटे त्यांवर ठेवताना मनगट मागे मोडते. हे तीन दोष ॲलन-कीने, पैही न खर्चता दूर होतात. आणि जाडीविषयी म्हणावे तर, लहान पंज्याच्या माणसाने ३४ मिलिमीटर जाडीची ग्रिप घेतली असता बोटे पुरती मिटत नाहीत व पकड राखण्यासाठी बाहूस सतत राबावे लागते. त्यास ३० मिलिमीटरची पातळ ग्रिपच सुखाची वाटेल.

पावसाळ्याची कैफियत निराळी आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून लोणावळ्यात ग्रिप निवडणे म्हणजे अविचार. येथे वर्षास चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. नुसती सरकवून बसवलेली हलकी ग्रिप हँडलच्या नळीस केवळ घर्षणाने चिकटून असते. टोकाकडून पाणी आत शिरले, म्हणजे ती हातात फिरू लागते, आणि ती फिरते ते लोहगडवाडीहून गायमुख खिंडीतून भाज्याकडे उतरताना, नेमका ब्रेक दाबावयाच्या क्षणी. ती बसवताना साबणाचे पाणी वा तेल वापरण्याचा जो प्रघात आहे तो तत्काळ बंद झाला पाहिजे, कारण आत राहिलेला साबण ओला झाला की पुन्हा निसरडा होतो. हेअर स्प्रेही पाण्याने सुटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब आत सोडून, ग्रिप पिळत सरकवून, रात्रभर तशीच ठेवावी. अल्कोहोल उडून जाते आणि मागे ओशटपणा उरत नाही. भर पावसातही चिखलाच्या वाटा न सोडणाऱ्यांनी ५० ग्रॅमांचा मोह टाकून सरळ लॉक-ऑन घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या कधीच फिरत नाहीत ही समजूतही अर्धवटच. स्क्रू सैल झाला की त्याही फिरतात, आणि हँडल कार्बनचे असेल, तर कडे आवळताना उत्पादकाने दिलेली मर्यादा टॉर्क-पान्याने पाळलीच पाहिजे.

आणखी काही समजुती थोडक्यात. फोम पाणी पितच नाही, हे बंद छिद्रांच्या फोमपुरते खरे, उघड्या छिद्रांच्या फोमला लागू नाही. हँडलच्या टोकाशी वजन कमी केल्याने सुकाणू हलके होते, हे म्हणणे टायरच्या पकडीपुढे आणि चाकाच्या जडत्वापुढे विचारात घेण्याजोगे नाही. कोणतीही ग्रिप कोणत्याही हँडलला बसते, हेही चूक: माउंटन बाइकच्या हँडलचा व्यास मुठीच्या जागी २२.२ मिलिमीटर असतो, तर रस्त्यावरच्या सायकलीच्या वाकड्या हँडलचा २३.८.

शेवटचा मुद्दा टोकाच्या बुचाचा. आणि काही ग्रॅम वाचवण्यासाठी तेच काढून टाकणारे लोक मी पाहिले असल्याने येथे संयम राखणे मला जड जाते. सिलिकॉनची ग्रिप एकदा का दगडावर आपटली, की तिचे टोक आतल्या नळीच्या धारेने अर्धवर्तुळाकार कापले जाते. त्या फटीत लाल मुरमाचे कण रुतून बसतात, बूच सैल होऊन निखळते, आणि उघडी पडते ती ॲल्युमिनियमची धारदार नळी. पडताना ती पोटात घुसून यकृतास, प्लीहेस वा स्वादुपिंडास इजा झाल्याच्या, विशेषतः मुलांच्या, नोंदी वैद्यकीय वाङ्मयात वारंवार येतात. आणि हँडलची टोके झाकलेली असलीच पाहिजेत असा दंडक सायकलींच्या आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकातही आहे. फाटलेली ग्रिप त्याच आठवड्यात बदलावी, हरवलेले बूच त्याच दिवशी बसवावे, आणि घरात मुलांची सायकल असेल तर तिची दोन्ही टोके आजच बोटाने चाचपून पाहावीत.