ऊसबिलातून उभं राहणारं भांडवल

कर नाहीत, दिवाळखोरीचा खर्च नाही, अशा आदर्श बाजारात कंपनीने पैसा कर्जातून आणला काय नि भागांतून आणला काय, तिचं मूल्य बदलत नाही, असं मोदिग्लियानी आणि मिलर यांनी 1958 साली मांडलं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या परिसरात वाणिज्य शिकणाऱ्या मुलांनी हा सिद्धांत साखर कारखान्याच्या ताळेबंदावर घासून पाहावा. विलासनगरचा मांजरा असो की अर्धापूरकडचा भाऊराव चव्हाण, सहकारी कारखान्यात भागधारक आणि कच्चा माल देणारा माणूस एकच: ऊस उत्पादक सभासद.

त्यामुळे इथला नफा शोधावा लागतो तो ऊसदरात. दर चढा दिला तर ताळेबंदातला नफा आटतो. दर बेताचा ठेवला, बिलातून ठेवी कापल्या, तर विस्तारासाठी भांडवल साठतं. ज्यादा ऊसदर हा खर्च की नफावाटप, यावरून आयकर खात्याशी वर्षानुवर्षं वाद चालला. 2023 च्या अर्थसंकल्पाने 2016-17 या आकारणी वर्षापूर्वीच्या दराला खर्च मानण्याची वाट मोकळी केली. सुमारे 10 हजार कोटींचा दिलासा अपेक्षित होता. वित्तशास्त्रातला लाभांशाचा प्रश्न याहून जिवंत रूपात कुठे भेटेल?

चालू भांडवलाची ओढाताणही वेगळी. गाळप चार-पाच महिने, साखरविक्री वर्षभर, आणि उसाचे पैसे कायद्याने 14 दिवसांत. मधली दरी मालतारण कर्ज भरून काढतं. बँक गोदामातल्या पोत्यांवर दुरावा (मार्जिन) राखून उचल देते. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये झाला. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, मात्र 2018-19 च्या क्विंटलला 275 रुपयांवरून 2024-25 मध्ये 340 वर गेली. व्याजाचा बोजा कुठून वाढतो, ते इथे कळतं.

डाळमिलचं गणित त्या मानाने सोपं: तूर हंगामात भरायची, डाळ करून विकायची, बँकेची कॅश क्रेडिट (सीसी) फिरवत राहायची.

इथेनॉलने कारखान्यांना नवी दिशा दिली. 2018 च्या योजनेत केंद्राने व्याजाचा वाटा उचलला, म्हणून आसवनी प्रकल्प कागदावर फायद्याचे दिसू लागले. पण 7 डिसेंबर 2023 रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. आठवडाभरात मर्यादित सूट मिळाली, पुढच्या हंगामासाठी निर्बंध उठले. तरी दीर्घ मुदतीचं कर्ज एका आदेशाने किती हलतं, हे दिसलं.

माझ्या मते मराठवाड्यात याहून मोठी जोखीम पाण्याची आहे. अर्धापूरला इसापूरच्या कालव्याचा आधार आहे. लातूरची भिस्त मांजरा धरणावर. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं. अशा वर्षी ऊस नसतो, गाळप नसतं, हप्ता मात्र असतो. म्हणून विस्ताराचा प्रस्ताव आमसभेपुढे येईल तेव्हा सभासदाने एक आकडा मागून घ्यावा: मांजरा धरण सलग दोन वर्षं भरलं नाही, तर कर्जाचा हप्ता कशातून जाणार?