सर्वेक्षण आणि माहिती देणाऱ्याचे हक्क

घरी सर्वेक्षणासाठी कार्यकर्ते आले, तर त्यांच्या सर्व प्रश्नांची उत्तरे देणे बंधनकारक आहे काय, अशी विचारणा काही वाचकांनी आमच्याकडे केली आहे. थोडक्यात सांगायचे तर, जनगणनेत उत्तर देणे १९४८ च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे. (रूढीमुळे पतीचे नाव घेता येत नसेल, तर ते सांगण्याची सक्ती स्त्रीवर नाही, अशी तरतूदही त्याच कायद्यात आहे. कायदा करणाऱ्यांना आपली घरे चांगली ठाऊक होती!) संशोधनासाठी होणारे सर्वेक्षण मात्र संमतीवर उभे असते.

संमती म्हणजे नुसती मान डोलावणे नव्हे. विचारणारे कोण, माहिती कशासाठी हवी, ती कोणाच्या हाती जाणार, हे आधी समजले पाहिजे. एखादा प्रश्न नाकारण्याची आणि मुलाखत मध्येच थांबवण्याची मुभा हवी. हे सर्व नीट योजले आहे की नाही, हे सर्वेक्षणापूर्वी नैतिकता समिती तपासते.

या समित्यांमागे दुःखद इतिहास आहे. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे, उपदंश झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना योग्य उपचारांविना ठेवून त्यांचे केवळ निरीक्षण करण्यात आले. त्यानंतर तेथे कायदा झाला व १९७९ साली बेलमाँट अहवाल आला. पण तो वैद्यकीय अभ्यास होता. नुसते प्रश्न विचारल्याने काय बिघडते, असे पुष्कळांना वाटते. बिघडते, म्हणूनच आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी २००० साली मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली.

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २००५-०६ मध्ये केलेले तिसरे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्यात घरगुती हिंसाचाराविषयी प्रश्न होते. ते एका घरातील एकाच स्त्रीला विचारले जात. दोघींना विचारले, तर एकीला दुसरीच्या उत्तराचा अंदाज येणार आणि रात्रीपर्यंत ते घरभर होणार. पूर्ण एकांत मिळाला नाही, तर हा भाग सोडून द्यावा, अशी मुलाखत घेणाऱ्यांना सूचना होती. माहिती हुकली तरी चालेल, पण त्या स्त्रीला मार बसू नये, असा हा हिशेब होता.

त्याच सर्वेक्षणात एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांच्या रक्ताची एचआयव्ही चाचणी झाली. बोटातून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर सुकवून त्यावर नावाऐवजी केवळ सांकेतिक क्रमांकाची पट्टी लावत. निष्कर्ष कोणाचा, हे प्रयोगशाळेला कळत नसे. म्हणून तो त्या व्यक्तीलाही कळवता येत नसे. ज्याला स्वतःची स्थिती जाणून घ्यायची असेल, त्याने तपासणी केंद्रात जावे, अशी व्यवस्था होती. ही तडजोड कठोर आहे, हे आम्हीही मानतो. पण नाव फुटण्याची भीती असती, तर किती जणांनी बोट पुढे केले असते? या चाचण्यांच्या आधारे २००७ साली देशातील बाधितांचा अंदाज पन्नास लाखांहून सुमारे पंचवीस लाखांवर आला.

आता आमच्याच एका चुकीविषयी. पुष्कळ वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात आम्ही कुटुंब-सर्वेक्षण घेतले. अर्जावर घराचे नाव होते आणि ‘घरात कोणी मद्यपान करते काय?’ असा प्रश्न होता. तरुण मंडळी संध्याकाळी, सर्वांच्या देखत अर्ज भरून घेत. बहुतेक घरांनी ‘नाही’ लिहिले. ती आकडेवारी आम्ही सभेत समाधानाने वाचली तेव्हा मागच्या बाकांवर काही जण हसले. एका भगिनीने मात्र ‘होय’ लिहिले होते. अर्ज कार्यालयाच्या उघड्या कपाटात होते. कोणीतरी ते चाळले आणि आठवड्याभरात गोष्ट बाजारापर्यंत गेली. आम्ही तिची क्षमा मागितली; तिला घरी काय सोसावे लागले, हे तिने आम्हांला सांगितले नाही.

आपल्या धर्मग्रामात यापुढे असे सर्वेक्षण निघाल्यास अर्ज हाती घेण्यापूर्वी जरूर विचारा: यावर आमचे नाव कशाला हवे? भरलेले अर्ज कोणाच्या कुलपात राहणार, आणि ते केव्हा नष्ट करणार?