फाइल उडाली? सॉफ्टवेअर शोधण्याआधी हे वाचा

सबमिशन जवळ आलं की लॅबमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अरे, फाइल उडाली!" त्यानंतर बरेच जण काय करतात, तर 'फ्री रिकव्हरी सॉफ्टवेअर' शोधतात आणि जे पहिलं दिसेल ते डाउनलोड करून त्याच लॅपटॉपवर टाकतात. परत मिळू शकणारी फाइल कायमची घालवायचा याहून सोपा मार्ग नाही. असं का होतं, आणि वेगळं काही इन्स्टॉल न करता काय काय करता येतं, ते आज बघू.

डिलीट म्हणजे नक्की काय होतं?

चाळीच्या जिन्याखाली भाडेकरूंच्या नावांची पाटी असते. समजा कुणीतरी पाटीवरचं एक नाव पुसलं. म्हणून खोलीतलं सामान लगेच बाहेर जात नाही. ते तिथेच असतं, मालक ती खोली दुसऱ्याला देईपर्यंत.

हार्डडिस्कवर असंच चालतं. फाइलचा मजकूर एका जागी असतो आणि 'ही फाइल अमुक ठिकाणी आहे' ही नोंद दुसऱ्या जागी. पेनड्राइव्हवर दिसणाऱ्या फॅट पद्धतीत फाइल डिलीट केली की तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक खूण होते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत नोंदीवर 'वापरात नाही' असा शिक्का बसतो. मजकूर जागेवरच राहतो, पण ती जागा आता 'मोकळी' धरली जाते. नवीन काहीही त्यावर लिहिलं जाऊ शकतं: तुम्ही डाउनलोड केलेलं सॉफ्टवेअर, ब्राउझरच्या तात्पुरत्या फाइल्स, विंडोजचं अपडेट, काहीही.

एसएसडीचं गणित मात्र वेगळं आहे. विंडोज ७ पासून (२००९) ऑपरेटिंग सिस्टीम फाइल डिलीट होताच एसएसडीला 'ट्रिम' नावाची सूचना देते, म्हणजे 'ही खोली रिकामी करून टाक'. एसएसडी ते काम आपल्या सोयीने, अनेकदा लगेचच उरकते. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडीच असते. म्हणून तिथे डिस्क खणत बसण्यापेक्षा त्या फाइलची दुसरी प्रत शोधणं जास्त शहाणपणाचं.

पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं?

१. त्या ड्राइव्हवर लिहिणं थांबवा. पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्डडिस्क असेल तर नीट इजेक्ट करून काढून ठेवा. पुढचं शोधकाम दुसऱ्या मशीनवर करा.

२. फाइल कुठल्या प्रोग्रॅममध्ये अजून उघडी असेल, तर तो प्रोग्रॅम बंद करू नका. 'सेव्ह ॲज' करून वेगळ्या ड्राइव्हवर प्रत काढा. आर किंवा पायथनमध्ये डेटा आधीच वाचून घेतला असेल, तर डिस्कवरची सीएसव्ही गेली तरी मेमरीतला डेटा फ्रेम शाबूत असतो. तो नव्या फाइलमध्ये लिहून काढा. सेशन बंद केलं की हीही संधी गेली.

३. लिनक्सवर काम करणाऱ्यांसाठी खास गोष्ट. तिथे 'आरएम' कमांड फक्त नाव काढते. चालू प्रोग्रॅमने फाइल उघडी धरली असेल, तर तो संपेपर्यंत मजकूर जात नाही. 'एलएसओएफ' कमांडच्या यादीत अशा फाइलपुढे 'डिलीटेड' असं लिहून येतं. तिथून प्रोसेसचा आणि फाइलचा क्रमांक घ्या, 'प्रॉक' फोल्डरमध्ये त्या प्रोसेसखाली 'एफडी' फोल्डर असतो, तिथून कॉपी करा. चार दिवस चालणाऱ्या सिम्युलेशनची आउटपुट फाइल चुकून उडवली, तर घाबरून सिम्युलेशन मारू नका. तेच तुमची फाइल धरून बसलेलं असतं.

आता शोधायचं कुठे?

रीसायकल बिन: फाइल एक्सप्लोररमध्ये आत्ताच डिलीट केली असेल तर कंट्रोल + झेड दाबून बघा. नाहीतर बिन उघडून डिलीट केल्याच्या तारखेनुसार लावा. शिफ्ट + डिलीट केलेल्या, पेनड्राइव्हवरून किंवा नेटवर्क ड्राइव्हवरून उडवलेल्या फाइल्स सहसा इथे येत नाहीत. त्या इथे शोधत वेळ घालवू नका.

प्रीव्हियस व्हर्जन्स: फाइल ज्या फोल्डरमध्ये होती त्यावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा आणि ही टॅब बघा. फाइल हिस्टरी किंवा रिस्टोर पॉइंट आधीपासून चालू असतील तरच इथे काही सापडेल. मॅकवर हेच काम टाइम मशीन करतं.

वर्ड: सेव्ह न करता बंद झालेल्या डॉक्युमेंटसाठी फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट आणि मग 'रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स'. या प्रती फार दिवस राहत नाहीत, म्हणून त्याच दिवशी बघा.

क्लाउड: गूगल ड्राइव्हच्या बिनमध्ये फाइल ३० दिवस राहते. वनड्राइव्हच्या वैयक्तिक अकाउंटवरही ३० दिवस, आणि संस्थेच्या अकाउंटवर साधारणपणे ९३ दिवस. शेअर केलेली फाइल असेल तर ती मूळ कुणाची, हे आधी बघा. गाइडच्या मालकीची फाइल त्यांनी उडवली, तर ती त्यांच्या बिनमध्ये असणार, तुमच्या नाही. फाइल आहे पण मजकूर गेलाय, असं असेल तर गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी बघा. ओव्हरलीफमध्येही अशी हिस्टरी असते.

कोडच्या फाइल्स: ज्युपिटर आपल्या नोटबुकची एक चेकपॉइंट प्रत लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं. व्हिमची स्वॅप फाइल शिल्लक असू शकते. गिटमध्ये कमिट केलेली फाइल तर सहज परत आणता येते.

पाठवलेल्या प्रती: सगळ्यात दुर्लक्षित जागा ही. ईमेलचा सेंट फोल्डर, गाइडचा इनबॉक्स, मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवलेला ड्राफ्ट, आणि डेटा जिथून आला त्या इन्स्ट्रुमेंटला जोडलेला कॉम्प्युटर. एक्सआरडी किंवा यूव्हीच्या मशीनवर मूळ फाइल अनेकदा अजून पडलेली असते.

आणि ती डिलीट झालीच नसेल तर?

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आलात, पेनड्राइव्ह उघडला, तर आत फक्त शॉर्टकट! इथे फाइल्स बहुतेक वेळा गेलेल्या नसतात, व्हायरसने लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक करू नका. आधी विंडोज सिक्युरिटीने पेनड्राइव्ह स्कॅन करा. मग व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स' चालू करा, आणि तरीही काही दिसलं नाही तर फोल्डर ऑप्शन्समधली 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स'ची खूण काढा. फक्त आपल्या डेटाच्या फाइल्स कॉपी करून घ्या आणि ती खूण परत लावा.

फाइल मिळाली. आता ती खरी आहे का?

संशोधन करणाऱ्याने इथे थांबून चालत नाही. मिळालेली प्रत दोन आठवडे जुनी असू शकते, आणि ती तसं सांगत नाही. गुपचूप उघडते. त्यातल्या आकड्यांवर आलेख काढलात आणि तो थीसिसमध्ये गेला, तर फाइल हरवण्यापेक्षा ते वाईट. म्हणून ओळींची संख्या, शेवटची नोंद आणि तारीख लॅब नोटबुकशी ताडून बघा. आधी हॅश काढून ठेवला असेल तर पॉवरशेलमधल्या 'गेट-फाइलहॅश' कमांडने तो जुळतो का बघा. कुठली फाइल, कधी, कुठून परत मिळवली हे नोटबुकमध्ये लिहा आणि गाइडला सांगा. जे मिळालं नाही ते आठवून भरू नका. प्रयोग परत करावा लागला तरी चालेल, आठवणीतला आकडा हा डेटा नसतो.

एवढं करूनही फाइल मिळाली नाही आणि ती खरोखर महत्त्वाची असेल, तर ड्राइव्ह तशीच बंद ठेवून जाणकाराकडे द्या.

बॅकअपबद्दल एकच गोष्ट

डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर जुन्या लॉग फाइल्स साफ करणारी स्क्रिप्ट चालू असतानाच बदलली गेली, आणि तिने भलत्याच फाइल्स पुसल्या. सुमारे ७७ टेराबाइट डेटा, साधारण ३ कोटी ४० लाख फाइल्स, १४ संशोधन गट. त्यातल्या ४ गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत आणता आला नाही. गंमत म्हणजे ती स्क्रिप्ट बॅकअपच्या व्यवस्थेचाच भाग होती.

म्हणून '३-२-१' लक्षात ठेवा: ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ दुसऱ्या जागी. नुसतं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर उडवलेली फाइल सिंक होऊन क्लाउडवरूनही जाते.

आज एक काम करा. 'चाचणी' नावाची बिनकामाची फाइल तयार करा, तुमच्या बॅकअपमध्ये जाऊ द्या, मग डिलीट करून परत आणून बघा. किती वेळ लागला तो लिहून ठेवा. आणता आली नाही, तर तुमच्याकडे बॅकअप नाही असंच समजा, आणि तो आजच करा.