लोटाभर तेल, टनभर गाडी

चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना गाडी वळणावळणाला कलते आणि मागच्या सीटवर आपण एकमेकांच्या अंगावर. मामा मात्र निवांत. पायानं एक पेडल हळूच दाबतो, झालं! टनभराची गाडी, वर पाच माणसं. एवढं सगळं एका पावलानं थांबतं कसं?

याचं उत्तर अकोल्यात, जिनिंग-प्रेसिंगमध्ये मिळेल. ढगासारखी फुललेली रुई दाबून तिथे साधारण 170 किलोची घट्ट गाठ बांधतात. दाबतं कोण? नळीतलं तेल. गाडीतही तोच कारभार, फक्त तेल लोटाभर.

बंद जागेतल्या द्रवाला एकीकडे दाबलं, की तो दाब सगळीकडे सारखा पोचतो. फ्रान्सच्या पास्कालनं हे सतराव्या शतकात ओळखलं. तुम्ही घरीच बघा. बिनसुईच्या दोन कोऱ्या सिरिंज घ्या, 5 मिलीची अन् 20 मिलीची. पाणी भरून नळीनं जोडा. लहान दट्ट्या तुम्ही दाबा, मोठा ताईला रोखून धरू द्या. बहुतेक ताई हरेल! मोठा दट्ट्या रुंद, म्हणून तेवढ्याच दाबाचा जोर तिथे जास्त. फुकट नाही बरं: तुमचा दट्ट्या लांब सरकतो, तिचा जरासाच.

पेडलमागचा मास्टर सिलिंडर म्हणजे तुमची लहान सिरिंज. मोठी चाकापाशी असते. ती ब्रेक पॅड लोखंडी चकतीवर आवळते.

आता सिरिंजमध्ये भरपूर हवा ठेवून दाबा. तुमचा दट्ट्या तळाला टेकला तरी ताईचा ढिम्म! हवा चेपते ना. गाडीचं पेडल असं पिचपिचीत लागलं, की मेकॅनिक म्हणतो, "हवा धरली." मग एकजण पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाजवळचं निपल सैल करतो. फुस्स! बुडबुडे बाहेर. निपल आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत.

गळती नसली तरी एक चोर असतोच. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. नवं डॉट 3 तेल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल प्यालेलं 140 च्या आसपासच उकळू शकतं. उकळलं की वाफ, म्हणजे पुन्हा बुडबुडा, तोही ऐन घाटात! म्हणून तेल साधारण दोन वर्षांनी बदलतात. म्हणूनच मामा उतारावर गाडी खालच्या गिअरात ठेवतो, म्हणजे ब्रेक कमी तापतात.

परतवाड्याला उतरलात की चाकाजवळ लांबूनच तळहात धरा, शिवू नका. धग लागेल. घाटात ब्रेकनं आवरलेला गाडीचा वेग तिथे तापून बसलेला असतो.