ध्वनीचा उठाव आणि लोप

परभणी जिल्ह्यांत गोंधळ हा कुळाचार आजही जिवंत आहे. लग्नकार्यानंतर घरीं चौक भरला जातो, दिवटी पेटते, आणि संबळ, तुणतुणें व झांज यांच्या साथीनें गोंधळी देवीला आवाहन करतात. परभणीचे राजारामबापू कदम यांच्या नांवानें ही परंपरा महाराष्ट्रांत सर्वत्र ओळखली जाते. अलीकडे मात्र लोकगीतांच्या साथींत विजेवर चालणारा सिंथेसायझर येऊन बसला आहे. त्यावर कोणी तुणतुण्याचा नाद काढूं गेला, तर पुष्कळदां कानाला पेटीच ऐकूं येते. स्वर तोच, सप्तकही तेंच. मग तुणतुणें हरवतें कोठें?

याचें उत्तर स्वराच्या उंचींत नसून त्याच्या आयुष्यांत आहे. प्रत्येक ध्वनि जन्मतो, वाढतो, कांहीं काळ टिकतो आणि मावळतो. जोराच्या या चढउतारास ‘एन्व्हलप’, म्हणजे ध्वनीचें आवरण, असें म्हणतात. पॅरिस येथें १९४८ सालीं पिएर शेफेर यांनीं घंटेच्या मुद्रित नादांतील आरंभींचा आघात काढून टाकला. उरलेला नाद घंटेचा न वाटतां फुंकून वाजविण्याच्या वाद्यासारखा भासला. वाद्याची ओळख किती अंशीं आरंभाच्या क्षणांत दडलेली असते, हें त्यावरून ध्यानांत येतें.

अमेरिकेंत रॉबर्ट मूग यांनीं १९६४ च्या सुमारास आपला सिंथेसायझर सिद्ध केला. पुढें अशा यंत्रांत आवरणाचीं चार बटणें रूढ झालीं. पहिलें ‘अटॅक’, म्हणजे उठाव: ध्वनीला पूर्ण जोर येण्यास लागणारा वेळ. दुसरें ‘डिके’, म्हणजे उतार: त्या शिखरावरून खालीं येण्याचा वेळ. तिसरें ‘सस्टेन’, म्हणजे टिकाव. हा वेळ नव्हे. पट्टी दाबून धरली असतां ध्वनि ज्या पातळीवर स्थिर राहतो ती पातळी होय. चौथें ‘रिलीज’, म्हणजे लोप: पट्टी सोडल्यावर ध्वनि विरून जाण्याचा वेळ. नवशिका बहुधा तिसऱ्या बटणाला काळाचें माप समजतो आणि तेथेंच चुकतो.

आतां पेटी घ्या. भात्यांतून हवा मिळते तोंवर सूर टिकतो. म्हणून उठाव किंचित् मंद, टिकाव पूर्ण आणि लोप अल्प. तुणतुण्याची तार छेडली कीं नाद तत्क्षणीं शिखर गांठतो आणि लगेच ओसरूं लागतो. तेथें उठाव जवळजवळ शून्य, उतार लहान आणि टिकाव शून्य हवा. लोपही उताराएवढाच ठेवावा. नाहीं तर बोट उचलतांच नाद कापल्यासारखा तुटतो. झांजेला उठाव तसाच तीव्र, परंतु उतार व लोप दीर्घ लागतात.

एवढ्यानेंही काम पुरें होत नाहीं. छेडलेल्या तारेंतील उच्च स्वरांश आधीं विझतात, आणि नाद बारीक होतां होतां मऊही होतो. म्हणून दुसरें आवरण ‘फिल्टर’ला, म्हणजे ध्वनि गाळणाऱ्या भागाला, जोडतात. जोर आणि तेज दोन्ही एकदम उतरूं लागले कीं तार खरी वाटूं लागते.

संबळापाशीं मात्र हें यंत्र अडखळतें. त्याच्या घुमाऱ्यांत नादाची उंचीही सरकते. त्यासाठीं स्वराच्या उंचीलाही निराळें आवरण द्यावें लागतें. शिवाय एकदां ठरविलेलें आवरण प्रत्येक आघाताला तेंच राहतें. गोंधळ्याचा हात मात्र कथेचा रंग पाहून दर ठोक्याला तें बदलतो. कळफलक आहे म्हणून तुणतुणेवाल्यास बोलावणें न धाडणाऱ्या यजमानानें हा भेद एकदां कान देऊन ऐकावा. चार बटणें नीट समजलेला वादक यंत्राचा उपयोग तर उत्तम करीलच; पण तुणतुणें समोर असतां आपला हात केव्हां आवरावा, हेंही त्यास कळूं लागेल.