शब्दांवाचून सांगितलेली गोष्ट



शिकाऱ्याच्या जाळ्यात अडकलेल्या कबुतरांची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. एकेकटं फडफडून काही होत नाही. मग सगळी एकाच वेळी पंख मारतात आणि जाळंच उचलून नेतात. ही गोष्ट सांगायला आजीला दोन मिनिटं पुरतात. पण तोंडातून एकही शब्द न काढता सांगायची असेल तर? नाच, हावभाव आणि संगीत यांतूनच पूर्ण गोष्ट सांगायची, या प्रकाराला बॅले म्हणतात. आज त्याचीच माहिती घेऊ या.

बॅले मूळचा युरोपातला. तिथे पायाच्या बोटांवर तोल सांभाळून नाचतात. आपल्याकडच्या कलावंतांनी कल्पना तेवढी घेतली आणि नाच मात्र इथलाच ठेवला. मणिपुरी, कथकली, गावोगावची लोकनृत्यं यांतून त्यांनी नवी नृत्यनाटिका उभी केली. उदय शंकर हे त्यातलं मोठं नाव. त्यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात शांती बर्धन नावाचे नर्तक शिकवत असत. पुढे बर्धन मुंबईला आले आणि 1952 साली त्यांनी ‘लिटल बॅले ट्रूप’ ही मंडळी सुरू केली.

या मंडळींनी रामायण बसवलं. रामायण कुणाला माहीत नाही? मग त्यात नवं काय दाखवायचं? बर्धनांनी युक्ती केली. गावच्या जत्रेत कठपुतळीचा खेळ चालला आहे, असा देखावा त्यांनी उभा केला. राम, सीता, रावण झालेली माणसं मुखवटे घालून बाहुल्यांसारखी हलतात. हात कोपरातून ताठ, मान झटक्यानं वळते, जणू वरून कुणी दोरी ओढतंय. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ही चाल लगेच डोळ्यांसमोर येईल. फरक एवढाच, की तिथे लाकडाची बाहुली माणसासारखी वागते आणि इथे माणूस बाहुलीसारखा.

दुसरी प्रसिद्ध कलाकृती पंचतंत्राची. कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांच्या मैत्रीची ही गोष्ट. तिच्यातच आपली कबुतरं येतात.

गोष्टीचा बॅले करताना तीन कामं करावी लागतात. पहिलं, गोष्ट चाळून घ्यायची. ‘फार वर्षांपूर्वी’, ‘मनात विचार आला’ ही वाक्यं नाचता येत नाहीत. जाळं पडलं, उंदरानं दोर कुरतडला, कासव मागे राहिलं, हे नाचता येतं. दुसरं, प्रत्येक पात्राला स्वतःची चाल द्यायची. कासव जमिनीलगत आणि सावकाश, हरीण उड्या मारत, उंदीर तुरुतुरु. चाल पाहताच कोण आलं हे कळायला हवं. तिसरं, ताल ठरवायचा. कबुतरं वेगवेगळ्या लयीत फडफडतात तोवर ती अडकलेली. सगळ्यांचे हात एका ठेक्यावर आले, की पाहणाऱ्याला कळतं, आता ती उडणार. ‘एकीचं बळ’ हे शब्द कुणी उच्चारतच नाही.

यात फायदाही आहे. ज्या बाईला ऐकू येत नाही, किंवा जी परप्रांतातून लग्न होऊन आली आणि आपली भाषा अजून शिकतेय, तिलाही गोष्ट कळते. तोटाही आहे. आजीच्या बोलण्यातला मिश्कीलपणा, तिच्या म्हणी नाचात उतरत नाहीत. म्हणून बॅले झाला तरी आजीची गोष्ट सांगायची थांबवू नये. दोन्ही हवं.

शांती बर्धन 1954 साली गेले. मंडळी सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. पण त्यांच्या पत्नी गुल बर्धन, ज्या स्वतः नर्तकी होत्या, त्यांनी सोबत्यांना धरून ठेवलं. मंडळी मुंबईहून ग्वाल्हेरला आणि पुढे भोपाळला गेली. पन्नासहून अधिक वर्षं गुलताईंनी हे काम सांभाळलं. 2010 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचं निधन झालं. गोष्ट एकानं रचली, पण ती टिकली ती एका बाईनं आणि तिच्या सोबत्यांनी रोज तालीम केली म्हणून.

मैत्रिणींनो, मंगळागौरीला आपण कोंबडा होतो, पिंगा घालतो, फुगडीत दोघींचा तोल एकमेकींवर टाकतो. म्हणजे अंगानं बोलणं आपल्याला नवं नाही. गटाच्या पुढच्या बैठकीत आपल्या भागातली एखादी गोष्ट निवडा. ती आधी वयस्कर बाईकडून पूर्ण ऐका. मग पात्रं वाटून घ्या आणि प्रत्येकीची चाल ठरवा. ताटली, टाळ, टाळ्या, जे असेल त्यावर ठेका धरा. ज्यांना घरून नाचायला मोकळीक नाही त्यांनी ठेका धरला तरी चालेल, त्याच्यावाचून कबुतरं उडणारच नाहीत. गोष्ट न सांगता मुलांना दाखवा आणि त्यांना काय कळलं ते विचारा. जिथे कळलं नसेल, तिथली चाल बदला.