डिजिटल पियानोसाठी हेडफोन निवडताना
घर निजल्यावर डिजिटल पियानोचा सराव करायचा, तर हेडफोन अपरिहार्य ठरतो. मात्र दुकानात दोन मिनिटे सुखद वाटणारा हेडफोन तासाभराने कानशिले आवळू लागतो. म्हणून तो किमान पंधरा मिनिटे डोक्यावर ठेवूनच पारखावा. गोव्याच्या दमट हवेत कृत्रिम चामड्याखाली कान घामेजतात, पुढे त्या गाद्यांचे पापुद्रेही सुटतात. मखमली गाद्या अधिक सुसह्य. पाठीमागून उघड्या रचनेचे हेडफोन हवेशीर असतात, स्वरही मोकळा उमटतो. पण तो बाहेरही झिरपतो. त्याच खोलीत कोणी झोपत असेल, तर बंद रचनाच घ्यावी लागते. ब्लूटूथ मात्र टाळावेच: पट्टी दाबल्यावर स्वर किंचित उशिरा पोहोचतो आणि लयीचा अंदाज चुकतो. आवाजाबाबत जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्यास ४० तास अशी आहे. आवाज वाढला की ही मुभा झपाट्याने घटते.